सगळ्यांच्या मागून निघणारी गाडी: फॉर्म्युला वनमधल्या सुरक्षेची पार्श्वभूमी

फॉर्म्युला वनची कुठलीही शर्यत पाहा. पाच लाल दिवे विझतात, गाड्या सुसाट सुटतात आणि कॅमेरा पहिल्या वळणाकडे धावतो. त्या गडबडीत मागून निघणारी एक गाडी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ती स्पर्धेतली नसते. तिच्यात एक सराईत चालक असतो आणि त्याच्या शेजारी आगीला तोंड देणारा पोशाख घालून बसलेला डॉक्टर. पहिली फेरी संपेपर्यंत ही वैद्यकीय गाडी सगळ्यांच्या पाठोपाठ धावते, कारण गाड्यांची झुंबड असते ती पहिल्याच फेरीत.

२०२० मध्ये बहारीनला हीच गाडी पेटलेल्या अवशेषांजवळ काही सेकंदांत जाऊन थांबली आणि एक माणूस वाचला. जखमी चालकांच्या पुनरागमनाच्या गोष्टी आपण आवडीने वाचतो, त्यांच्या जिद्दीला सलाम करतो. जिद्द खरीच असते. पण अपघातानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत कोणीतरी त्यांच्यापर्यंत पोहोचलं, म्हणून जिद्द दाखवायला ते उरले. ही मिनिटं कमी कशी होत गेली, त्याचा हा इतिहास आहे.

सुरुवात करावी लागते १२ जून १९६६ पासून. बेल्जियममधलं स्पा सर्किट तेव्हा गावांमधून, शेतांच्या कडेने जाणाऱ्या साध्या रस्त्यांवर होतं. पहिल्याच फेरीत मुसळधार पाऊस लागला आणि जॅकी स्ट्युअर्टची बीआरएम गाडी रस्ता सोडून बाहेर फेकली गेली. गाडी चेपली, इंधनाची टाकी फुटली आणि स्ट्युअर्ट आत अडकला. अंगावर पेट्रोल साचत होतं. एक ठिणगी पुरली असती. आसपास ना मार्शल, म्हणजे रस्त्याकडेचे सुरक्षा कर्मचारी, ना डॉक्टर. त्याच पावसात घसरलेले ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट हे दोन चालक धावून आले. स्टिअरिंग काढल्याशिवाय स्ट्युअर्टला बाहेर ओढता येईना आणि स्टिअरिंग काढायला पाना नव्हता. शेवटी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला. या सगळ्यात पंचवीस मिनिटं गेली.

पुढचा प्रकार आणखी संतापजनक. सर्किटवरच्या वैद्यकीय केंद्रात स्ट्युअर्टचं स्ट्रेचर जमिनीवर ठेवलं होतं आणि आजूबाजूला सिगारेटची थोटकं पडली होती. मग रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका वाटेतच रस्ता चुकली.

त्यानंतर स्ट्युअर्टने आपल्या गाडीत स्टिअरिंगजवळ पाना चिकटवून ठेवायला सुरुवात केली. शर्यतींना तो स्वतःचा डॉक्टर नेऊ लागला. सीटबेल्ट हवेत, रस्त्याच्या कडेला कठडे हवेत, नीट सुसज्ज वैद्यकीय केंद्र हवं, अशा त्याच्या मागण्या होत्या. आज त्या वाचताना यात वाद घालण्यासारखं काय होतं, हेच कळत नाही. पण वाद झाला, आणि कडवट झाला. सर्किटचे मालक चिडले, पत्रकारांनी त्याला भित्रा ठरवलं, हा माणूस खेळातला थरार संपवायला निघाला आहे असं लिहिलं गेलं. १९६९ मध्ये चालकांच्या बहिष्कारामुळे स्पाची शर्यतच झाली नाही. स्ट्युअर्टने तीन वेळा विश्वविजेतेपद मिळवलं. भित्रेपणाचा आरोप करणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर द्यायची गरज नव्हती.

तरीही १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या झांडवोर्टला जे घडलं ते घडलंच. २९ जुलैला रॉजर विल्यमसन हा पंचवीस वर्षांचा ब्रिटिश चालक आपल्या कारकिर्दीतली दुसरीच ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची शर्यत, चालवत होता. त्याची गाडी उलटून पेटली. तो आत जिवंत होता. मागून येणाऱ्या डेव्हिड पर्लीने आपली गाडी बाजूला लावली, धावत रस्ता ओलांडला आणि एकट्याने ती जळती गाडी उलटवायचा प्रयत्न सुरू केला. मार्शलच्या हातातलं अग्निशामक नळकांडं त्याने खेचून घेतलं. मार्शलांकडे आगीत जाण्याजोगे कपडेच नव्हते, ते जवळ जाऊ शकत नव्हते. बाकीचे चालक शेजारून जात राहिले. गाडीभोवती धडपडणारा पर्ली हाच त्या गाडीतून सुखरूप निसटलेला चालक आहे, असा त्यांचा समज झाला. शर्यत थांबली नाही. विल्यमसन आत गुदमरून गेला. पर्लीला पुढे शौर्यासाठी जॉर्ज मेडल मिळालं. हताश होऊन आगीपासून दूर जाणाऱ्या पर्लीचं ते चित्रीकरण आजही पाहवत नाही.

आणि मग १ ऑगस्ट १९७६. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगची एक फेरी जवळपास २३ किलोमीटरची, जंगलातून चढउतार करत जाणारी. एवढ्या लांबीवर पुरेसे मार्शल, रुग्णवाहिका, अग्निशमन दल ठेवणं शक्यच नव्हतं. आदल्या वर्षीचा विश्वविजेता निकी लाउडा हेच सांगत होता. त्याने चालकांच्या बैठकीत बहिष्काराचा प्रस्ताव मांडला आणि तो एका मताने पडला.

दुसऱ्या फेरीत लाउडाची फेरारी बेर्गवेर्क वळणाजवळ बांधावर आदळून पेटली आणि रस्त्याच्या मध्यावर आली. हेल्मेट डोक्यावरून निघालं होतं. त्याला बाहेर काढलं ते आर्तुरो मेर्झारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हॅराल्ड एर्टल या चौघांनी. चौघेही त्याचे प्रतिस्पर्धी. मेर्झारिओने आगीत वाकून पट्टे सोडवले. चेहरा आणि डोकं भाजलं होतं, पण जास्त धोका होता तो छातीत गेलेल्या विषारी धुराचा. रुग्णालयात धर्मगुरूने येऊन अंत्यविधीची प्रार्थनाही म्हटली.

बेचाळीस दिवसांनी, १२ सप्टेंबरला, लाउडा इटलीत मोंझाच्या शर्यतीत उतरला आणि चौथा आला. हेल्मेट काढताना आतला कपडा जखमांना चिकटलेला होता, रक्त येत होतं. खेळाच्या इतिहासातलं सर्वांत मोठं पुनरागमन म्हणून हे सांगितलं जातं. सांगायलाच हवं. पण शर्यतीआधीच्या शुक्रवारी सरावासाठी गाडीत बसल्यावर आपण भीतीने गोठून गेलो होतो आणि ते कोणाला दिसू दिलं नाही, हे लाउडानेच नंतर प्रांजळपणे सांगितलं. ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या फुजीला विजेतेपदाचा निकाल लागायचा होता, आणि धुवांधार पावसात दोन फेऱ्यांनंतर त्याने गाडी बाजूला घेतली. इंजिन बिघडलं असं जाहीर करू, असं संघाचे तंत्रप्रमुख म्हणाले. लाउडाने नकार दिला. जेम्स हंट एका गुणाने विश्वविजेता झाला. मला मोंझाच्या चौथ्या क्रमांकापेक्षा फुजीतला हा नकार मोठा वाटतो. लाउडाने १९७७ मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये विजेतेपद जिंकलं. न्युर्बुर्गरिंगच्या त्या जुन्या मार्गावर फॉर्म्युला वन पुन्हा कधीही गेली नाही.

आता त्या मागून निघणाऱ्या गाडीकडे येऊ. १९७८ मध्ये लंडनचे मेंदूशल्यविशारद सिड वॉटकिन्स यांच्याकडे शर्यतींच्या वैद्यकीय व्यवस्थेची जबाबदारी आली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला मोंझाला सुरुवातीलाच मोठी टक्कर झाली आणि रॉनी पीटरसनची लोटस पेटली. पुन्हा चालकच धावले, हंट त्यांत पुढे होता. पीटरसन बाहेर निघाला तेव्हा शुद्धीवर होता. पायांची हाडं मोडली होती, पण हा माणूस वाचेल असंच सगळ्यांना वाटलं. वॉटकिन्स तिकडे निघाले तर पोलिसांनी कडं करून वाट अडवलेली. डॉक्टरलाच आत सोडेनात. रुग्णवाहिका यायला अठरा मिनिटं लागली. मोडलेल्या हाडांतली चरबी रक्तात उतरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पीटरसन गेला.

वॉटकिन्स यांनी मग आयोजकांसमोर मागण्या ठेवल्या. भूलतज्ज्ञ हवा, हेलिकॉप्टर हवं आणि डॉक्टर बसलेली गाडी पहिल्या फेरीत सगळ्यांच्या मागे धावायला हवी. तेव्हापासून ती गाडी धावते आहे.

फरक दिसायला दशक जावं लागलं. १९८९ मध्ये इटलीतल्या इमोलाच्या तांबुरेलो वळणावर गेर्हार्ड बर्गरची फेरारी भिंतीवर आदळून ज्वाळांत गुरफटली. मार्शल पंधरा-सोळा सेकंदांत तिथे होते. हात भाजले, बरगडी मोडली, पण बर्गर एकच शर्यत चुकवून परतला. ती भिंत मागे सरकवता येईल का, हे पाहायला बर्गर आणि ब्राझीलचा विश्वविजेता आयर्टन सेना तिथे चालत गेले होते. भिंतीमागे डोकावल्यावर त्यांना नदी दिसली. भिंत हलवायला जागाच नव्हती, म्हणून विषय तिथेच संपला. वळणाच्या अलीकडे वेग कमी करता आला असता, हे तेव्हा कोणी रेटलं नाही. ३० एप्रिल १९९४ रोजी इमोलालाच पात्रता फेरीत रोलंड रात्झेनबर्गर या चालकाचा मृत्यू झाला. व्यथित सेनाला वॉटकिन्स म्हणाले होते की हे सगळं सोडून दे, आपण मासे पकडायला जाऊ. दुसऱ्या दिवशी तांबुरेलोच्या त्याच भिंतीवर आदळून सेनाचा मृत्यू झाला. त्यानंतर मात्र ते वळण मोडून वेग रोखणारा नागमोडी मार्ग करण्यात आला. नदी तिथेच आहे.

१९९५ च्या नोव्हेंबरमध्ये ॲडलेडला मिका हाकिनेनची गाडी टायर फुटून भिंतीवर गेली. डोकं पुढे फेकलं जाऊन कवटीला मार बसला, श्वास बंद झाला. सर्किटवरच्या डॉक्टरांनी जागीच गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग मोकळा केला. काही मिनिटांचा उशीर झाला असता तर १९९८ आणि १९९९ चा विश्वविजेता आपल्याला दिसलाच नसता. मान आणि डोकं जागेवर धरणारी पट्टी, म्हणजे ‘हान्स’, या प्रकारच्या इजांवरचं उत्तर होतं. ती अमेरिकेत तयारही झाली होती. पण खांद्यांना टोचते, हालचाल होत नाही, अशा तक्रारी चालकांनीच केल्या आणि फॉर्म्युला वनमध्ये ती सक्तीची व्हायला २००३ उजाडलं.

हाच वाद पुन्हा रंगला तो ‘हेलो’वरून. कॉकपिटवर, म्हणजे चालकाच्या बसायच्या जागेवर, बसवलेली टायटॅनियमची ही कमान २०१८ पासून सक्तीची झाली. ती कुरूप आहे, उघड्या कॉकपिटचा खेळ मारते, असं म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यांत निकी लाउडाही होता. याचं मला आजही वाईट वाटतं. ज्याच्या अंगावर धोक्याची खूण आयुष्यभर होती, ज्याने बहिष्कार मागितला होता, तोही या वेळी विरोधात उभा राहिला. एक आक्षेप मात्र गंभीर होता: गाडी पेटली तर कमानीमुळे चालक आत अडकेल. पाच सेकंदांत बाहेर पडण्याचा नियम हेलोमुळे सात सेकंदांवर न्यावा लागला होता. रोमाँ ग्रोजाँही विरोधकांत होता.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनला पहिल्याच फेरीत ग्रोजाँची हास गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यात घुसली. गाडीचे दोन तुकडे झाले, स्फोट झाल्यासारखी आग उसळली. कठडा डोक्याच्या उंचीवर फाटला होता आणि हेलोने तो बाजूला सारला. मागून येणारी वैद्यकीय गाडी लगेच थांबली, डॉक्टर इयन रॉबर्ट्स आगीकडे धावले. ग्रोजाँ आत सत्तावीस-अठ्ठावीस सेकंद होता. अडकलेला पाय सोडवताना एक बूट आतच राहिला. त्या ज्वाळांत लाउडाची आठवण आली आणि आपला शेवट असा होऊ द्यायचा नाही असं वाटलं, हे त्याने नंतर सांगितलं. हात भाजले. हेलोबद्दलचं आपलं मत चुकीचं होतं, हेही त्याने मोकळेपणाने कबूल केलं. पुढच्या वर्षी तो अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतींमध्ये गाडी चालवत होता.

म्हणून प्रश्न मिटला असं नाही. २०१९ मध्ये स्पालाच फॉर्म्युला टूच्या, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीच्या, शर्यतीत अँथवान युबेरचा मृत्यू झाला, तेव्हा त्याच्या गाडीलाही हेलो होता. बाजूने बसलेल्या धडकेपुढे त्याचा इलाज चालला नाही.  त्या अपघातातला दुसरा चालक ह्वान मॅन्युएल कोरेआ याचे दोन्ही पाय मोडले, तो कोमात होता. उजवा पाय कापण्याचा पर्याय त्याने नाकारला आणि २०२१ मध्ये तो पुन्हा शर्यतीत उतरला. त्याची गोष्ट लाउडाच्या गोष्टीएवढी सांगितली जात नाही. ती सांगायला हवी.

जपानमधल्या सुझुकाला २०१४ मध्ये झ्यूल बियांकीची गाडी पावसात घसरून थेट रस्त्याकडेच्या क्रेनवर आदळली. नऊ महिन्यांनी तो गेला. दुसरी गाडी उचलायला क्रेन आत आली होती आणि बाकीचे चालक केवळ धोक्याची सूचना देणाऱ्या पिवळ्या झेंड्यांच्या भरवशावर वेग कमी करत होते. त्यातून २०१५ मध्ये सगळ्यांना एकाच वेळी वेग कमी करायला लावणारी ‘व्हर्च्युअल सेफ्टी कार’ आली. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी त्याच सुझुकाला, तसाच पाऊस, अंधुक दिसणारा रस्ता, आणि पियेर गास्लीच्या गाडीशेजारून एक क्रेन सर्रकन मागे गेली. गास्लीही बियांकीसारखाच फ्रेंच. हे यंत्र रस्त्यावर आलंच कसं, असं तो रेडिओवर ओरडून विचारत होता.