किशोरवयीन व्यसनप्रतिबंध : पालकांची भूमिका

किशोरवयीन व्यसनप्रतिबंध म्हणजे साधारण १० ते १९ या वयातील मुलामुलींनी तंबाखू, दारू व इतर अमली पदार्थांची सुरुवातच करू नये, निदान ती होईल तितकी लांबावी, यासाठी घरी, शाळेत आणि गावात केलेले प्रयत्न. जडलेले व्यसन सोडवणे ही व्यसनमुक्ती. प्रतिबंधाचे काम त्याच्या कितीतरी आधीचे असते आणि ते बहुतांशी आईवडिलांच्या हातात असते.

मूल कॉलेजात जायला लागले, मित्र बदलले, की मग लक्ष ठेवायचे, अशी समजूत घरोघरी आढळते. ती महागात पडते. १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांच्या २०१९ सालच्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ८.५ टक्के मुले तंबाखू वापरणारी आढळली. त्याहून विचार करायला लावणारी बाब पुढची आहे. कधी ना कधी बिनधुराची तंबाखू खाल्लेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती वयाच्या दहाव्या वाढदिवसाआधीच चाखली होती. चौथीतल्या पोराला कॉलेजातले मित्र नसतात. त्याच्यापर्यंत तंबाखू पोहोचते ती घरातून, गल्लीतून, कोपऱ्यावरच्या टपरीवरून.

महाराष्ट्रातले चित्र तर डोळ्यांसमोरच असते. वडील किंवा आजोबा हाक मारतात, ‘जा रे, टपरीवरून पुडी घेऊन ये, उरलेल्या पैशाचं चॉकलेट घे.’ पोरगा पळत जातो. पुडी कुठे मिळते, केवढ्याला मिळते, टपरीवाला काही विचारत नाही, हे सगळे त्याला सातव्या-आठव्या वर्षीच कळते. वर चॉकलेटही मिळते. अनेक घरांत आजी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करते आणि सकाळी दात घासायला बसलेली नात तिच्याच डबीत बोट घालते. मिश्रीला व्यसन म्हणायला घरचे तयार नसतात, म्हणून मुलींची तंबाखू मोजणीतही अनेकदा निसटते. विदर्भात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून लाकडी पाटीवर खर्रा घोटला जातो आणि त्याच कागदात बांधून दिला जातो. हा खर्रा रोज गालात धरणाऱ्यांच्या तोंडाची आतली त्वचा हळूहळू ताठ होत जाते. एकावर एक ठेवलेली स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, तर तोंड आखडू लागले असे समजावे आणि दाताच्या डॉक्टरांकडे जावे. ही तपासणी आईला घरीही करता येते. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा एकाएकी तिखट खाईनासा झाला, भाकरीचा मोठा घास घेईनासा झाला, तर त्याला नखरे म्हणून सोडून देऊ नये.

सुरुवात लांबवण्यावर इतका भर का, याचे उत्तर मेंदूच्या वाढीत आहे. आवरणे, थांबणे, परिणामांचा विचार करणे ही कामे करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. सुखाची ओढ लावणारी यंत्रणा मात्र त्याच्या आधीच जोरात असते. या वर्षांत लागलेली चटक खोल रुजते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी तरी दारूवर अवलंबून झालेले आढळले. विशीत पोहोचल्यावर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर सुरुवात करणाऱ्यांच्या घरची परिस्थितीही वेगळी असू शकते, म्हणून सगळा फरक वयाच्या माथी मारता येत नाही. तरीही पुढे ढकललेल्या प्रत्येक वर्षाचे मोल मोठे आहे.

‘बाहेर चोरून पिण्यापेक्षा आमच्यासमोर घोटभर घेऊ दे,’ हा विचार शहरी, सुशिक्षित घरांत हल्ली बराच ऐकू येतो. त्यामागे प्रेम असते, यात शंका नाही. पण ऑस्ट्रेलियात मुलांचा सहा वर्षे मागोवा घेतला गेला तेव्हा पालकांनी दिलेल्या दारूमुळे मुलांचे कोणतेही रक्षण झाल्याचे दिसले नाही. उलट अशा मुलांना बाहेरूनही दारू मिळण्याची शक्यता वाढली होती. हळद, वरात, गटारी अशा प्रसंगी मोठ्यांची बैठक बसते आणि मुले चकणा आणायला, ग्लास भरायला हाताशी असतात. तिथे त्यांना कोणी पाजत नाही, पण आनंद झाला की बाटली उघडायची, हे त्यांच्या मनावर कोरले जाते. वडिलांना स्वतःची दारू किंवा तंबाखू आजच सोडता आली नाही, तरी दोन गोष्टी आजपासून करता येतात. त्या कामाला मुलाला कधीही न पाठवणे ही एक. ‘मी यात अडकलो, सोडायची धडपड करतोय, तू या वाटेला येऊ नकोस,’ असे त्याला एकदा सरळ सांगणे ही दुसरी. बाप प्यायचा म्हणून त्याच्या शब्दाला किंमत नाही, असे मुले मानत नाहीत. लपवाछपवी मात्र त्यांना लगेच कळते.

लक्ष ठेवणे म्हणजे पहारा नव्हे. हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर या अभ्यासकांनी २००० साली स्वीडनमधील मुलांवरील संशोधनातून दाखवले, की आईवडिलांना मुलाबद्दल जे ठाऊक असते त्यातले बरेचसे मुलाने आपणहून सांगितलेले असते. चौकशा आणि बंधने यांतून त्या मानाने थोडेच कळते. दप्तर उचकणे, मोबाइल तपासणे यापेक्षा रात्री जेवताना मुलगा दिवसभराचे बोलतो का, हे जास्त महत्त्वाचे. ‘आज मैदानामागं मुलं सिगारेट ओढत होती’ असे मुलाने सांगितल्यावर पहिला प्रश्न ‘तू पण ओढलीस ना?’ असा आला, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. ‘मग तू काय केलंस?’ असे विचारले, तर बोलणे पुढे सरकते. नियम मात्र स्पष्ट हवेत. आपल्या घरात हे चालणार नाही, हे शांतपणे, कारणासह आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागते. मित्रांनी आग्रह केला तर काय म्हणायचे, याची घरी तोंडी तयारी करून घेतलेली बरी. ‘पप्पांना वासावरून कळतं’ ही सबबही मुलाच्या उपयोगी पडते.

एकेकट्या पालकाचे बळ कमी पडते, हे आइसलँडने ओळखले. तिथे १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्याभरात दारूच्या नशेत राहिलेली होती. २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्के झाले. तिथल्या पालकांनी शाळानिहाय एकत्र येऊन लेखी करार केले, शुक्रवारी रात्री गटागटाने वस्तीत फेऱ्या मारल्या. हिवाळ्यात १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी रात्री दहानंतर एकटे बाहेर राहू नये, हा नियम पाळला गेला, आणि खेळ, संगीत यांच्या वर्गांसाठी नगरपालिकेने पैसे दिले. आपल्याकडे गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमात गावोगावच्या महिलांनी एकत्र येऊन गावातली दारू आणि खर्ऱ्याची विक्री बंद करण्याचे काम हाती घेतले आहे. वाट निराळी असली तरी तत्त्व तेच आहे. शेजारणीही तोच नियम पाळत असतील, तर ‘सगळ्यांच्या घरी चालतं’ हे मुलाचे वाक्य खरे ठरत नाही.

कायदा पालकांच्या बाजूने आहे. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे गुन्हा ठरते. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर. तरीही शाळेजवळच्या टपरीची तक्रार बहुतेक पालक एकट्याने करायला बिचकतात. पालक-शिक्षक संघाच्या नावाने दिलेला अर्ज अधिक वजनदार ठरतो.

सगळी काळजी घेऊनही मूल अडकू शकते. त्यात दारू-तंबाखूच असते असे नाही. व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन असे हुंगण्याचे पदार्थ मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये अधिक चालतात, असे अमली पदार्थांविषयीच्या २०१९ च्या दुसऱ्या एका राष्ट्रीय पाहणीत दिसले. हे प्रमाण मुलांत १.१७, तर प्रौढांत ०.५८ टक्के होते. बाहीला येणारा रसायनाचा वास, हरवणारे पैसे, उतरलेले गुण, लाल डोळे यांपैकी एखादे लक्षण दुसऱ्या कारणानेही असू शकते, म्हणून आधी आरोप न करता बसवून विचारावे. मारहाण, घराबाहेर काढणे, नातेवाइकांसमोर शोभा करणे यांनी मूल त्याच टोळक्याकडे जाते, कारण तिथे त्याला कोणी बोलत नाही. मदतीसाठी १४४४६ ही व्यसनमुक्तीची, तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्रात रुग्णाइतकेच त्याच्या घरच्यांशीही बोलले जाते. फोन करायला मूल तयार होईपर्यंत थांबण्याची गरज नसते. आई किंवा वडील स्वतः फोन करून सल्ला घेऊ शकतात.