एकतीस बस, बाकी बारा

एका बसमध्ये ३६ जवान बसतात. ११२८ जवानांना प्रशिक्षणाच्या जागी न्यायचं आहे. बस किती लागतील?

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना हे गणित घातलं होतं. सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण ३२ हे उत्तर दिलं जेमतेम २३ टक्क्यांनी. २९ टक्के मुलांनी लिहिलं, ‘३१, बाकी १२’. बारा जवान मागे राहिले, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

त्या मुलांना हसू नये. शाब्दिक उदाहरणं आपणही अशीच सोडवली: गोष्टीकडे काणाडोळा करायचा, आकडे उचलायचे, ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘प्रत्येकी’ दिसलं की भागाकार. उत्तर हातात घेऊन पुन्हा गोष्टीत शिरायचं राहूनच जातं.

प्रत्यक्ष परिस्थितीचं गणिती प्रतिमान, म्हणजे आकडे आणि सूत्रं वापरून तिचं रूप, बांधायला लावलं, तर हे परत शिरणं टाळता येत नाही. समजा, शाळेच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत सोडलंय. पाणी किती जमेल? आकडे आयते नाहीत, टेप घेऊन मोजायचे. छपराखालची जागा २० मीटर बाय ६ मीटर, म्हणजे १२० चौरस मीटर. इथेच वाद होतो: पत्रा उतरता आहे, मग लांबी उतारावरची धरायची की जमिनीवरची? पाऊस सरळ पडत असेल तर जमिनीवरची. आणि ‘सरळ पडत असेल तर’ हे गृहीतक आहे, हेही तेव्हाच कळतं.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. ५० मिलिमीटर झाला, तर ६००० लिटर. टाकीत मात्र भरले ४८००.

शाळेच्या वहीत इथे लाल फुली पडली असती. खरा अभ्यास इथूनच सुरू होतो. १२०० लिटर गेले कुठे? पन्हळीच्या जोडातून गळाले, वाऱ्याने बाहेर उडाले, थोडे पत्रा भिजण्यातच संपले. मग सूत्र दुरुस्त करायचं. पण कसं? एक गट म्हणतो, ०.८ ने गुणा. दुसरा म्हणतो, दर पावसाला १२०० वजा करा. ५० मिलिमीटरला दोघांचंही उत्तर जुळतं. १० मिलिमीटर पडला, तर पहिल्यांच्या हिशेबाने ९६० लिटर जमायला हवेत आणि दुसऱ्यांच्या हिशेबाने टाकी कोरडी.

आता सगळा वर्ग हलक्या सरीची वाट बघतोय.