लॉर्ड हार्टिंग्टन लॉर्ड्समध्ये नव्हता हो!

‘हाउस ऑफ लॉर्ड्समधले लॉर्ड हार्टिंग्टन’ असं कुठे छापलेलं दिसलं की माझी सटकते. हा ब्रिटिश राजकारणी १८५७ ते १८९१ कॉमन्समध्ये होता. १८६८ ला निवडणुकीत पडला, ते मधले काही महिने सोडा.

ब्रिटिश संसदेची दोन सभागृहं, लोकांनी निवडलेलं कॉमन्स आणि सरदारांचं लॉर्ड्स, आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. ड्यूक, मार्क्विस, अर्ल ही सरदारांची उतरंड पाठ नसली तरी काही बिघडत नाही. घोळ होतो तो लॉर्ड असणं आणि लॉर्ड म्हणवणं यात.

ज्याच्या स्वतःच्या नावावर सरदारकी आहे तो खरा लॉर्ड. १९९९ पर्यंत त्याची जागा साधारणपणे लॉर्ड्समध्ये असायची, म्हणून कॉमन्सची निवडणूक त्याला बंद. दुसरा लॉर्ड नुसता रीतीचा. डेव्हनशरच्या ड्यूककडे (हार्टिंग्टन याच घराण्यातला) एकाखाली एक अशा बऱ्याच पदव्या. सर्वांत मोठी तो स्वतः लावतो, खालची एखादी थोरला मुलगा लावतो. लावतो फक्त, मालकी बापाचीच. आपल्याकडे जहागीरदाराच्या पोरालाही गाव ‘सरकार’ म्हणायचं, पण सनद थोरल्या सरकारांच्या नावावर, तसंच. कायद्याच्या लेखी हार्टिंग्टन साधा प्रजाजन होता, म्हणूनच तर मतं मागत फिरला.

१८५७ ला उत्तर लँकशरमधून निवडून आला तेव्हा तो लॉर्ड कॅव्हेंडिश होता. पुढच्या जानेवारीत सहावे ड्यूक वारले, वडील सातवे ड्यूक झाले आणि हा झाला मार्क्विस ऑफ हार्टिंग्टन. नाव बदललं, सभागृह तेच.

१८७५ मध्ये ग्लॅडस्टन नेतेपदावरून बाजूला झाल्यावर लिबरल पक्ष दोन लॉर्डांनी चालवला. लॉर्ड्समध्ये ग्रॅनव्हिल, तो खरा. कॉमन्समध्ये हार्टिंग्टन, तो नुसता म्हणवणारा. १८८० ला राणीने सरकार बनवायला बोलावलं, यानं नकार दिला, ग्लॅडस्टन पंतप्रधान म्हणून परत आले आणि हा भारतमंत्री झाला. (भारतमंत्री लंडनमध्ये, व्हाइसरॉय इकडे, आणि तेव्हाचा व्हाइसरॉय रिपन. हेही लोक एकात एक कालवतात.)

ड्यूकच्या धाकट्या मुलांना उसनी पदवीसुद्धा नाही, पहिल्या नावाआधी नुसतं ‘लॉर्ड’. हार्टिंग्टनचा भाऊ लॉर्ड फ्रेडरिक आयर्लंडचा मुख्य सचिव म्हणून ६ मे १८८२ ला डब्लिनला पोचला आणि त्याच संध्याकाळी फिनिक्स पार्कमध्ये मारला गेला. त्याला ‘लॉर्ड कॅव्हेंडिश’ लिहिलंत तर भलताच माणूस उभा राहतो. विन्स्टनचे वडीलही लॉर्ड रँडॉल्फ. ‘लॉर्ड चर्चिल’ ते कधीच नव्हते. पहिलं नाव गाळू नका, हात जोडतो.

२१ डिसेंबर १८९१ ला वडील गेले. हार्टिंग्टन आठवा ड्यूक झाला, म्हणजे आता खरा लॉर्ड, आणि रॉसेंडेलची त्याची जागा आपोआप सुटली. आयर्लंडच्या स्वराज्यावरून १८८६ मध्ये ज्या ग्लॅडस्टनची साथ त्यानं सोडली होती, त्याच्याच उमेदवारानं जानेवारीत ती पोटनिवडणूक मारली.

त्याला मूल नव्हतं. १९०८ मध्ये ड्यूकपद पुतण्याला, व्हिक्टर कॅव्हेंडिशला मिळालं. व्हिक्टर हा लॉर्ड एडवर्ड या धाकट्या भावाचा मुलगा, आणि धाकट्यांच्या मुलांना ‘लॉर्ड’ही लागत नाही. तोवर तो नुसता मिस्टर, कॉमन्सचा खासदार. मिस्टरचा एकदम ड्यूक झाल्यावर पश्चिम डर्बीशरची त्याची जागा मोकळी झाली. तिथून निवडून आला त्याचा मेहुणा, माजी व्हाइसरॉय लॅन्सडाउनचा थोरला मुलगा, अर्ल ऑफ केरी. अर्ल, आणि बसला कॉमन्समध्ये.