कॅश आयसा की एनआरई ठेव: करमुक्त, पण कुठल्या सरकारच्या लेखी?

ब्रिटनमध्ये नोकरीसाठी आलेल्या बऱ्याच मराठी घरांत आज दोन खाती असतात. एक पुण्या-मुंबईच्या बँकेतलं एनआरई खातं, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं खातं, त्यातल्या मुदत ठेवींसकट. दुसरं इथल्या बँकेतलं कॅश आयसा (ISA), म्हणजे रोख बचतीचं करमुक्त खातं. दोन्हींच्या माहितीपत्रकात एकच आश्वासन असतं, व्याजावर कर नाही. आणि दोन्ही आश्वासनं खरी आहेत. पण पहिलं भारत सरकारचं आहे, दुसरं ब्रिटिश सरकारचं, आणि एका सरकारने माफ केलेला कर दुसऱ्याने माफ करावा असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. व्याजाचा दर बघून या दोन खात्यांतून निवड करणारे पुष्कळ आहेत. खरं तर आधी विचारायला हवं की आपण आत्ता राहतो कुठे, आणि हे पैसे शेवटी खर्च कुठे होणार.

एनआरई खातं रुपयांत चालतं. पौंड पाठवायचे, त्याचे रुपये होतात, आणि मुद्दल व व्याज दोन्ही हवं तेव्हा परदेशी परत नेता येतं. ठेव किमान वर्षाची. त्याआधी मोडली तर व्याज शून्य. परकीय चलन कायद्याप्रमाणे तुम्ही अनिवासी आहात तोवर भारतात या व्याजावर प्राप्तिकर नाही आणि बँक टीडीएसही कापत नाही. घोटाळा इथेच होतो. काही कापलं गेलं नाही, कुणाची नोटीस आली नाही, म्हणजे प्रश्न मिटला असं माणूस धरून चालतो.

पण तुम्ही ब्रिटनचे करनिवासी, म्हणजे कराच्या दृष्टीने तिथले रहिवासी, असाल तर जगभरातलं तुमचं व्याज ब्रिटनमध्ये करपात्र आहे, आणि त्यात एनआरईचं व्याजही आलं. ते पौंडांत आणलं की पुण्यातच ठेवलं, याने फरक पडत नाही. ‘आपला दुहेरी कर टाळण्याचा करार आहे ना?’ असं हमखास विचारलं जातं. करार आहे, पण त्यामुळे रहिवाशाच्या व्याजावर कर लावण्याचा ब्रिटनचा हक्क जात नाही. नव्याने आलेल्यांना एक वेगळी वाट आहे. आधीची सलग दहा वर्षं ब्रिटनबाहेर काढलेली असतील, तर एप्रिल २०२५ पासूनच्या नियमांनुसार निवासाची पहिली चार करवर्षं परदेशी उत्पन्नावर सूट मागता येते. मात्र ती मागितली की त्या वर्षी १२,५७० पौंडांची मूळ करमुक्त मर्यादा सोडावी लागते. पगारदाराला लहानशा एफडीसाठी हा सौदा परवडत नाही.

आकडे मांडून बघू. समजा एनआरईत २० लाखांची ठेव आहे आणि दर ७ टक्के. वर्षाचं व्याज १,४०,००० रुपये. पौंड ११५ रुपयांचा धरला तर सुमारे १,२१७ पौंड. ब्रिटनमध्ये २० टक्क्यांच्या पट्टीतल्या माणसाला वर्षाला १,००० पौंडांपर्यंतचं व्याज माफ असतं, ४० टक्केवाल्याला ५०० पौंड, आणि ४५ टक्केवाल्याला काहीच नाही. दुसरं कुठलंच व्याज नसेल तर २० टक्केवाला साधारण ४३ पौंड भरेल. ४० टक्केवाला ७१७ पौंडांवर २८७ पौंड भरेल, म्हणजे जवळपास ३३,००० रुपये. त्याच्या ७ टक्क्यांचे हातात साडेपाचच्याही खाली येतात. हा ढोबळ हिशेब आहे. करारातली एखादी सवलत तुमच्या ठेवीला लागू होते का, हे दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या अकाउंटंटला एकदा विचारून घ्यावं, त्याची फी वाया जात नाही.

आणि हे लपून राहील या भरवशावर तर कुणी राहूच नये. भारत आणि ब्रिटन दोघंही बँकखात्यांची माहिती आपसांत देण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत आहेत. एनआरई खात्यावर तुमचा ब्रिटनचा पत्ता आणि करक्रमांक नोंदलेला असतो. परदेशी उत्पन्न दडवल्यास दंड मूळ कराच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. आधीची वर्षं राहून गेली असतील तर पत्र यायची वाट न बघता स्वतःहून कळवावं. स्वतःहून आलेल्याला दंड बराच कमी लागतो.

आता कॅश आयसा. १९९९ साली सुरू झालेल्या या योजनेत ब्रिटनमध्ये राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला एका करवर्षात, म्हणजे ६ एप्रिल ते ५ एप्रिल या काळात, २०,००० पौंड भरता येतात. व्याजाला कर नाही, विवरणपत्रात दाखवायचीही गरज नाही. संयुक्त खातं मिळत नाही, पण नवरा-बायको दोघांची मर्यादा वेगळी असल्याने घरात ४०,००० जातात. न वापरलेली मर्यादा पुढच्या वर्षी मिळत नाही. ६ एप्रिल २०२७ पासून ६५ वर्षांखालच्यांना यातले फक्त १२,००० कॅश आयसात ठेवता येतील, आणि त्याच महिन्यापासून आयसाबाहेरच्या व्याजावरचा कर प्रत्येक पट्टीत दोन टक्क्यांनी वाढणार आहे. तेव्हा आत्ताची पूर्ण मर्यादा ज्याला वापरता येईल त्याने ती वापरावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर एक रास्त शंका येते. हजार पौंडांचं व्याज माफच आहे, तर आयसा कशाला? ज्याची बचत थोडी आणि पगार बेताचा, त्याला आज खरंच फरक पडत नाही. पण एनआरई ठेव असलेल्या माणसाचं तसं नसतं. वरच्या उदाहरणात एनआरईच्या व्याजानेच ती माफी खाऊन टाकली. मग इथल्या साध्या बचत खात्यातल्या प्रत्येक पौंडाच्या व्याजावर कर बसणार. शिवाय उत्पन्न ५०,२७० पौंडांपुढे गेलं की माफी निम्मी होते, आणि त्या उत्पन्नात व्याजही मोजलं जातं. म्हणून एनआरई असलेल्याला आयसाची गरज जास्त आहे.

आयसा निवडताना दराच्या पाटीपलीकडे बघायचं ते थोडकंच. कधीही पैसे काढता येणाऱ्या खात्यांत पहिल्या वर्षीचा जादा दर पुष्कळदा बारा महिन्यांनी गळतो, तेव्हा ती तारीख लिहून ठेवावी. मुदतीच्या आयसातून पैसे काढता येतात, पण काही दिवसांचं व्याज दंड म्हणून जातं. ‘फ्लेक्सिबल’ आयसा असेल तर काढलेली रक्कम त्याच करवर्षात मर्यादेला धक्का न लावता परत भरता येते. आणि बँक बदलायची असेल तर पैसे स्वतः काढू नका, नव्या बँकेचा ट्रान्सफरचा फॉर्म भरा. स्वतः काढलेत की वर्षानुवर्षं साठवलेलं ते करमुक्त कवच बहुतेक वेळा कायमचं जातं. कॅश आयसाच्या ट्रान्सफरला कामाचे पंधरा दिवस पुरतात.

सुरक्षिततेत मोठा फरक आहे. ब्रिटनमध्ये एका बँकसमूहात माणशी १,२०,००० पौंडांपर्यंतची रक्कम संरक्षित आहे. भारतात ठेव विमा एका बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत आहे. सहकारी बँकेत मोठी एनआरई ठेव ठेवणाऱ्याने हा आकडा लक्षात घ्यावा.

आणि मग विनिमय दर. २०१६ च्या अखेरीस पौंड ८४ रुपयांच्या आसपास होता. २०२५ च्या अखेरीस तो ११५ च्या वर गेला. नऊ वर्षांत रुपया पौंडापुढे दरसाल साडेतीन-चार टक्क्यांनी उतरला. म्हणजे ज्याला शेवटी पौंडच हवे होते, लीड्समध्ये घराचं डिपॉझिट भरायचं होतं, त्याचा एनआरईतला जास्तीचा दर घसरणीने जवळजवळ गिळला, आणि वर कर लागला. उलट २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतर पौंड कोसळला तेव्हा रुपये धरून बसलेल्यांचा फायदा झाला होता. म्हणून ब्रिटनमध्ये लागणारे पैसे आयसात ठेवावेत. आईवडिलांचा औषधखर्च, नाशिकच्या फ्लॅटचे हप्ते, परतल्यावरची पहिली दोन वर्षं, यांचे पैसे एनआरईत शोभतात. तिथे रुपया उतरला तरी खर्च रुपयांतच आहे.

परतताना पारडं उलटं फिरतं. कायमचं राहायला भारतात आलात की परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने तुम्ही लगेच निवासी होता, आणि एनआरईच्या व्याजाची सूट संपते. ठेव मुदतीपर्यंत ठरलेल्या दराने चालू शकते, पण बँकेला कळवून खात्याचं स्वरूप बदलून घ्यावं लागतं. आयसा चालू ठेवता येतं, ब्रिटनमध्ये ते करमुक्तच राहतं, फक्त देश सोडला त्या करवर्षानंतर त्यात भर घालता येत नाही. भारतात मात्र आयसा नावाची कुठलीही सवलत नाही. बरीच वर्षं बाहेर राहून आलेल्याला साधारण दोन-तीन वर्षं परदेशी व्याजावर भारतात कर लागत नाही. त्यानंतर आयसाचं व्याज इतर उत्पन्नात मिळवून पट्टीप्रमाणे कर भरायचा, आणि विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते खातं दाखवायचं.

कागदपत्रांत नेहमी अडणारी गोष्ट तारखांची आहे. भारतीय बँक व्याजाचा दाखला १ एप्रिल ते ३१ मार्च असा देते, ब्रिटनला ६ एप्रिल ते ५ एप्रिल हवा असतो. तेव्हा दाखल्यावर विसंबू नका. प्रत्येक एफडीचं खातेविवरण काढून, व्याज कुठल्या तारखेला जमा झालं ते पाहून बेरीज करा, आणि पौंडांत बदलताना कुठला दर लावला तेही त्याच कागदावर लिहा.