ऑस्ट्रेलियातला बिअरचा ग्लास: औंस गेले, नावं राहिली

ऑस्ट्रेलियाने 1970 साली मेट्रिक मापांचा कायदा केला आणि त्या दशकात पबमधले औंस गेले. ब्रिटिश द्रव औंस 28.41 मिलीचा. त्या हिशेबाने 10 औंसांचे 284 मिली होतात, ते 285 धरले. 15 औंसांचे 426, ते 425. 20 औंसांचा पिंट 568चा, तो 570 झाला. हातातला ग्लास जवळपास तोच राहिल्यामुळे जुनी नावं सोडायची गरज कुणालाच वाटली नाही.

कायदा मिलिलिटर तपासतो, नाव मात्र त्या त्या राज्याचं. 285 मिलीला मेलबर्न-ब्रिस्बेनमध्ये ‘पॉट’ म्हणतात, सिडनी-पर्थमध्ये ‘मिडी’, आणि टास्मानियात अजूनही ‘टेन’. 425चा ‘स्कूनर’ मूळचा सिडनीकडचा. खरी पंचाईत ॲडलेडला होते. तिथल्या जुन्या रिवाजाने स्कूनर मागितला तर 285 मिली येते आणि पिंट मागितला तर 425. पूर्ण 570 हवी असेल तर ‘इम्पीरियल पिंट’ असं स्पष्ट सांगावं लागतं. बाहेरच्या माणसाला वाटतं बारवाल्याने माप मारलं, पण माप चोख असतं. पुण्या-मुंबईहून गेलेल्याचा गोंधळ दुहेरी, कारण आपल्याकडे पिंट म्हणजे 330 मिलीची बाटली. (ब्रिटनने 2011 पासून दोन-तृतीयांश पिंट विकायला परवानगी दिली. त्यालाही तिथे स्कूनरच म्हणतात, आणि तो 379 मिलीचा!)

पिण्याच्या सवयींवर कायद्याचा खरा घाव बसला तो 1916 मध्ये. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियात पब संध्याकाळी सहाला बंद होऊ लागले. काम पाचला सुटायचं, त्यामुळे मधल्या तासाभरात मिळेल तितकी बिअर रिचवायची. या झुंबडीला ‘सिक्स ओ’क्लॉक स्विल’ नाव पडलं. ग्लास नळाखाली आणण्याइतका वेळ नसे, म्हणून लांब नळीला पिस्तुलासारखी तोटी लावून काउंटरवरचे ग्लास जागच्या जागी भरले जात. भिंतींना टाइल्स बसवल्या, कारण त्या पाणी मारून धुता येत. टास्मानियाने हा नियम 1937 मध्ये काढला, न्यू साउथ वेल्सने 1955, व्हिक्टोरियाने 1966 आणि साउथ ऑस्ट्रेलियाने 1967 मध्ये.

‘शाउट’ची चाल त्याहून जुनी आणि आजही चालू. टोळक्यातल्या प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांची बिअर आणायची. इथे ग्लास एकाच मापाचे असलेले बरे. तिघांचे स्कूनर आणि एकाचा पॉट असेल तर पॉटवाल्याचा ग्लास आधी रिकामा होतो, आणि पैशांचा हिशेबही तिरपा पडतो. चौघांच्या चार फेऱ्यांत पॉटने माणशी 1,140 मिली पोटात जाते, म्हणजे पबमधला बिअरचा बरोबर एक जग. स्कूनरने 1,700.

क्वीन्सलँडच्या उकाड्यात पॉटला अर्थ होता, कारण छोटा ग्लास गार असतानाच संपतो. तरी गेल्या दहा-पंधरा वर्षांत स्कूनर मेलबर्नमध्येही रुळला. बारच्या बाजूने पाहिलं तर ते सोयीचंच आहे. 50 लिटरच्या केगमधून (बिअरच्या पिंपातून) कागदावर 175 पॉट निघतात किंवा 117 स्कूनर. प्रत्यक्षात दर वेळी तोटी उघडताना थोडा फेस वाया जातो, म्हणून कमी ग्लास भरले की नासाडीही कमी. धुण्याच्या यंत्रातून नुकताच काढलेला गरम ग्लास वापरला तर अर्धा ग्लास फेसच होतो. उलट, ग्लासला साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस टिकतच नाही.

पिणाऱ्याने वेगळा हिशेब करावा. ऑस्ट्रेलियात 10 ग्रॅम अल्कोहोलला एक ‘स्टँडर्ड ड्रिंक’ मानतात. 4.8 टक्क्यांच्या बिअरचा पॉट 1.1 भरतो, स्कूनर 1.6 आणि 570चा पिंट 2.2. दोन पॉटची सवय असलेला माणूस दोन स्कूनर प्यायला की 2.2चे 3.2 होतात, आणि गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 0.05 टक्केच आहे.