नदीला गंज चढतो तेव्हा

अलास्काच्या नद्या केशरी झाल्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतायत, खाली कुणी लिहितं "पृथ्वीचं रक्त, कलियुग", तर कुणाला खात्रीच असते की वर कुठेतरी खाण असणार. रक्तबिक्त काही नाही. आणि या नद्यांच्या वर खाणही नाही.

ब्रुक्स रेंज म्हणजे उत्तर अलास्कातली साधारण 1,100 किलोमीटर लांब डोंगररांग, बहुतेक सगळी आर्क्टिक वृत्ताच्या वर. तिच्यातल्या गेट्स ऑफ द आर्क्टिक नॅशनल पार्कात रस्ता नाही की साधी आखलेली पायवाट नाही. अशा ठिकाणी 2024 च्या एका अभ्यासात किमान 75 ओढे-नद्या गढूळ केशरी झालेल्या सापडल्या.

झालंय असं की इथल्या खडकात पायराइट आहे, म्हणजे लोखंड आणि गंधक, तेच ते चकाकणारं 'मूर्खांचं सोनं'. हजारो वर्षं ते पर्माफ्रॉस्टमध्ये, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीत, गप्प पडून होतं. आता बर्फ वितळतंय, पाणी आणि ऑक्सिजन आत शिरतायत, आणि पायराइटचं चक्क सल्फ्युरिक अ‍ॅसिड होतंय. पण खरी गंमत पुढे आहे. सुटलेलं लोखंड आधी फेरस रूपात असतं, मग आणखी एक इलेक्ट्रॉन गमावून त्याचं फेरिक होतं, आणि हे फेरिक स्वतःच उरलेल्या पायराइटवर तुटून पडतं, ऑक्सिजनपेक्षाही जोरात. हिशोब बघा, 14 फेरिक आयन (विद्युतभार असलेले अणू) खर्च होतात आणि 15 फेरस सुटतात, ते पुन्हा फेरिक होऊन कामाला हजर, म्हणजे चक्रवाढ व्याजच! फेरसचं फेरिक करायचं काम आम्लात एरवी फार रेंगाळतं, पण लोखंडावरच पोट भरणारे बॅक्टेरिया ते झटपट उरकतात.

काही झऱ्यांचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 2.3 भरला, म्हणजे जवळजवळ लिंबाचा रस, आणि तिथल्या नद्यांचा सरासरी 8 असतो. त्या आम्लात खडकातलं जस्त, निकेल, कॅडमियमही विरघळतं. नदीत मिसळल्यावर आम्ल पातळ होतं, लोखंड गंज होऊन तळाच्या गोट्यांवर बसतं. त्याच गोट्यांच्या फटीत सॅमन अंडी घालतात आणि माशांचं खाणं असलेले किडेही तिथेच राहतात.

खाणीतून असं पाणी आलं तर चुना टाकून आम्ल मारता येतं. इथे कुठल्या कुठल्या डोंगराला चुना लावणार?