कलादालनांचे ऑनलाइन कार्यक्रम आणि 'आभासी' शब्दाचा घोळ

मार्च २०२० मध्ये संग्रहालयांना कुलपं लागली आणि कला ऑनलाइन गेली, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. चित्रं त्याआधीच पडद्यावर आली होती. त्या वर्षी आली ती माणसं.

चित्रांचा भाग थोडक्यात. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलनं १७ कलासंग्रहालयं घेऊन त्यांची चित्रं ऑनलाइन दाखवणारा प्रकल्प सुरू केला. एप्रिल २०१२ मध्ये ही संख्या दीडशेवर गेली, तेव्हा त्यात दिल्लीच्या जयपूर हाउसमधलं आधुनिक कलेचं दालनही आलं. पुढं पुण्यात तयार झालेल्या 'जतन' या संग्रहालयांच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणक प्रणालीवर केंद्र सरकारचं संग्रहालयांचं सामाईक पोर्टल उभं राहिलं. मुंबईचं आधुनिक कलादालन आणि जुन्या गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालयही त्यावर आहे. हे काम मोलाचं, पण सूचीचं: छायाचित्र, माप, साल, माध्यम.

मे २०२० मध्ये जगातली सुमारे ९० टक्के संग्रहालयं बंद होती. आफ्रिकेत आणि छोट्या बेटांच्या देशांत जेमतेम ५ टक्के संग्रहालयांना ऑनलाइन काही देता आलं. आपल्याकडे जयपूर हाउसनं त्याच महिन्यात, रवींद्र जयंतीला, रवींद्रनाथांच्या चित्रांची व्हर्च्युअल टूर खुली केली. जूनमध्ये 'नैमिषा' ही जवळपास महिनाभराची ऑनलाइन उन्हाळी कार्यशाळा घेतली. एक फेरफटका, दुसरा वर्ग. मराठीत मात्र असल्या दोन्ही गोष्टींना एकच शब्द चिकटला: 'आभासी'.

माझी तक्रार इथंच आहे. आभास म्हणजे नसलेलं असल्यासारखं वाटणं. मृगजळ हा आभास. फेरफटक्याला हा शब्द शोभतो, कारण आपण दालनात नसतो आणि असल्यासारखं वाटतं. पण वर्गात काय आभासी होतं? शिकवणारा खरा, ठरलेली वेळ खरी, "सर, आवाज येतोय का?" हेही खरंच. सरकारी पत्रकांतल्या 'दूरदृश्य प्रणालीद्वारे'ची आपण खूप टिंगल केली, पण तो शब्द जास्त प्रामाणिक आहे. दूर आहे, तरी दिसतंय.

त्या काळात ऐकलेलं एक सत्र विसरता येत नाही. पडद्यावर अमृता शेरगिल यांचं १९३५ चं 'तीन मुली' हे चित्र होतं. १९३७ मध्ये याच चित्राला मुंबईत सुवर्णपदक मिळालं होतं. आता ते दिल्लीत असतं. बोलणाऱ्या बाईंनी माहिती सांगण्याआधी विचारलं, या तिघी कुठं बघताहेत? पाच मिनिटं नुसती उत्तरं येत राहिली. कुणी म्हणालं जमिनीकडे, कुणी म्हणालं कुठंच नाही. तिघींपैकी एकीचीही नजर आपल्याकडे वळत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. छापील प्रत आमच्या घरात कितीतरी वर्षं होती.

दारं उघडल्यावर 'आता आभासी पुरे, प्रत्यक्ष या' अशी भाषा सुरू झाली. फेरफटके संकेतस्थळांवर तसेच राहिले, त्यांना रोज माणूस लागत नाही. वर्ग आणि गप्पा मात्र बऱ्याच ठिकाणी विरळ झाल्या. मुंबई-दिल्लीत राहणाऱ्याला त्यात काही गमावल्यासारखं वाटलं नसेल. सावंतवाडीहून किंवा गडचिरोलीहून जोडल्या जाणाऱ्याला 'प्रत्यक्ष या' म्हणजे रात्रभराचा प्रवास, नाहीतर दोन दिवसांची रजा. त्यातली बरीच सत्रं रेकॉर्डही झाली नाहीत. जी झाली, त्यांत वक्त्याचं बोलणं आहे. श्रोत्यांनी चॅटमध्ये लिहिलेली उत्तरं नाहीत.